मामाजींची भीतीची बाटली

मामाजींच्या क्वार्टरमध्ये देवघर नव्हतं, पण हात धुतल्याशिवाय जिला शिवायचं नाही अशी एक पेटी होती. बुटांच्या खोक्याएवढी, लाकडी, आत खण पाडलेले आणि प्रत्येक खणात करंगळीएवढी एकेक बाटली. बाटल्यांत होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोड गोळ्या. कारखान्यातले एक बंगाली साहेब निवृत्त होऊन आपल्या मुलखात निघाले, तेव्हा सामान हलकं करता करता त्यांनी ती पेटी आणि एक जाडजूड हिंदी पुस्तक मामाजींच्या हवाली केलं. मामाजी स्टोअरमध्ये कामाला. वस्तू जिथली तिथे ठेवायची आणि मागेल त्याला विचारपूस करून द्यायची, हा त्यांचा हाडाचा स्वभाव, त्यामुळे डॉक्टरकी त्यांना शोभली. संध्याकाळी जवाहरनगरच्या चौकात कारखान्याची बस थांबली की ते घरी येत, चहा पीत, चहानंतर बराच वेळ नुसते बसून राहत कारण चहाच्या तोंडाने पेटी उघडायची नाही, आणि मग चष्मा लावून पुस्तक काढत. मामाजींच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, धम्म घेतला तेव्हाच घरातले देव गेले होते, आणि देवांच्या मागोमाग भूतंही. मामी म्हणायची, "तुमच्या बापानं भगताले हाकललं, अन तुम्ही त्याच्या जागी ह्या बाटल्या आनून बसवल्या." मामाजी चिडत नसत. "बाटलीले कोंबडं लागत नाही," एवढंच म्हणत.

मी त्या घरी गेले ती भीतीपायी. आमचं गाव आसगाव. धान रोवण्याच्या दिवसांत बांधावरच्या मोहाच्या झाडावर वीज पडली, तेव्हा आम्ही बायापोरी शेजारच्याच बांधीत वाकून रोवत होतो. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. झाड तेवढं मधोमध चिरलं. बाया घाबरल्या, ओरडल्या, थोड्या वेळानं हसल्या आणि पुन्हा रोवायला लागल्या. मला मात्र ते हसणं जमलं नाही. त्या दिवसापासून कुठं काही खट्ट झालं की छाती उडायची, हातपाय गार पडायचे आणि आपण आता मरतो अशी खात्रीच व्हायची. शाळेत कुणी बाक ओढला, घंटा वाजली, गुरुजींनी टेबलावर डस्टर आपटलं, की मी दप्तर तिथेच टाकून घराकडे धूम. नववीचं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं, तेवढ्यात शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच एकदा पळाले ती परत गेले नाही. गावात म्हणू लागले, मोहाच्या झाडावरचं काहीतरी पोरीला लागलं. बाबांचं त्यावर एक मत होतं की लग्न लावून दिलं की सगळं आपोआप जातं. पलीकडच्या गावात ट्रॅक्टर चालवणारा एक जण होता, माझ्याहून पुष्कळ मोठा, आणि त्याच्या घरचे तयारही होते. मी पंधरा वर्षांची. आई त्या दिवशी जेवली नाही. शेवटी असं ठरलं की मला तिच्या भावाकडे ठेवायचं, धान कापणीला येईपर्यंत पाहायचं, आणि बरी झाले नाही तर बाबा येऊन मला घेऊन जातील आणि दिवाळीनंतर मांडव टाकतील.

जवाहरनगरच्या पहिल्याच सकाळी कारखान्याचा भोंगा वाजला आणि मी न्हाणीच्या दाराआड जाऊन बसले. मामाजी डब्बा हातात घेऊन निघाले होते, ते तसेच उलटे फिरले.

"काऊन वो बाई, का होऊन राहिलं?"

"छाती उडून राहिली. हात गार पडले. मी मरून राहिली, मामाजी."

मामाजींचा चेहरा उजळला. खोटं नाही सांगत, उजळला. "मरून राहिली? बरं, कवा मरशील असं वाटते? येळ सांग."

मामी सैपाकघरातून धावत आली. "अवो, पोरगी कालच्यान आली अन तिले मराची येळ इचारून राहिले! बह्याड झाले का तुम्ही?"

"पुस्तकात आहे," मामाजी म्हणाले. "अचानक भेव भरलं, जीव कासावीस झाला अन मानूस आपल्या मराची येळ सांगाले लागला, तर त्याची दवा एकच. बोल बेटा, लाजू नको."

आता कुणी एवढ्या आस्थेनं विचारल्यावर मलाही विचार करणं भाग पडलं. मी म्हणाले, "आता भोंगा वाजन तवा."

"एकोनाईट!" मामाजींनी असा पुकारा केला, जणू हरवलेली चावी सापडली.

मग तो विधी. आधी चूळ भरायची. पाठ टेकून सरळ बसायचं. मामाजी हात धुऊन, पुसून, बाटली उजेडाकडे धरून नाव वाचायचे, बाटलीच्या झाकणात गोळ्या घ्यायचे आणि बोट न लावता त्या माझ्या जिभेखाली सोडायचे. चावायचं नाही, गिळायचं नाही, आणि विरघळेपर्यंत अक्षर बोलायचं नाही. तेवढा वेळ ते माझं मनगट धरून घड्याळाकडे बघत बसायचे. एवढं सगळं होईतो भीती बिचारी कंटाळून निघून गेलेली असायची. त्या दिवशी त्यांची बस चुकली आणि ते डब्बा घेऊन पायी गेले. त्याआधी, आल्याच संध्याकाळी, त्यांनी मला दवाखान्यात नेऊन छाती तपासून आणली होती आणि हृदय ठणठणीत आहे असं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं होतं, हेही सांगायला हवं. मामाजी पेटीवाले होते, बेफिकीर नव्हते.

आज मी इथे सुरतेला बसून हे लिहिते आहे. माझी मुलगी नर्सिंग शिकली. ती म्हणते, आई, त्या गोळ्यांत नुसती साखर असते. असेल बाई. मधल्या काळात इथल्या एका डॉक्टरीणबाईंनी माझ्या दुखण्याला रीतसर नाव दिलं, रीतसर कडू गोळ्या दिल्या, आणि त्यांचाही मला गुण आला. पण साखर भरवायला कुणी आपली बस चुकवत नाही, एवढं मी मुलीला सांगते. त्यावर ती माझ्याकडे तिच्या पेशंटकडे बघावं तसं बघते.

तर मामाजींच्या औषधाला शत्रू फार. कांदा, लसूण, हिंग, कापूर, कॉफी, अत्तर, उग्र वास म्हणून जे काही असेल ते. आणि मामीचं सैपाकघर ह्यातल्या निम्म्या वस्तूंवर चाललेलं. तिचं माहेर गोंदियाकडे. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया नुकताच वेगळा झाला होता, तेव्हापासून मामाजी तिच्या माहेराला परराष्ट्र म्हणायचे आणि ती म्हणायची, "मंग तिकडून झिंगे येतात ते खाऊ नका." ते सुके झिंगे ती तव्यावर भाजायची, लसूण आणि लाल मिरचीसोबत पाट्यावर रगडायची, आणि चिन्नोर तांदळाच्या गरम भातावर ती चटणी पडली की क्वार्टरांची सगळी रांग उंबऱ्यात येऊन उभी राहील असा वास सुटायचा. मामाजी दोन घास खाईपर्यंत कुरकुरत आणि तिसऱ्या घासाला गप्प होत. एकदा ते ड्युटीवर असताना मामीनं दारं लावून माझ्यावरून मीठमिरच्या उतरवल्या आणि शेगडीत टाकल्या. धूर एवढा झाला की आम्ही दोघी रडत बाहेर. संध्याकाळी मामाजी घरात पाय टाकताच शिंकले.

"कोनं दवा मारली?"

"फोडनी होती," मामी म्हणाली.

"कशाची?"

"मिरचीची. तुमच्यासाठी का आता दुधाची फोडनी देऊ?"

मामाजी पेटी उचलून आतल्या खोलीत घेऊन गेले आणि बाटल्यांना वारा घातला. मामी माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. मला त्या घरात हसायला येऊ लागलं होतं. घरून आल्यापासून हे मला कळलंच नव्हतं, एके दिवशी आपलं हसू आपल्यालाच ऐकू आलं.

आणि दुसरी एक गोष्ट झाली होती. मागच्या रांगेत एक बाई शिवणाचा क्लास घ्यायच्या. मामीनं मला तिथे नेऊन बसवलं. पायाची मशीन. पहिल्या दिवशी वाटलं, हिच्या खडखडीनं आपण पळून जाऊ. पण तो आवाज माझ्या पायातून निघत होता. मी दाबलं की सुरू, मी थांबले की बंद. जगातला तो एकच आवाज मला विचारून वाजत होता. परकर झाला, मग ब्लाऊजचं कटिंग सुरू झालं, आणि माझ्या मनानं घेतलं की काही झालं तरी हा क्लास पुरा करायचा. आसगावात मशीनही नव्हती आणि शिकवणारीही नव्हती. ट्रॅक्टरवाल्याच्या घरी तर विचारायलाच नको. म्हणजे सगळं माझ्या दचकण्यावर येऊन ठेपलं. बाबा येतील, बघतील, आणि मी त्यांच्यासमोर एकदा जरी थरथरले तरी माझं बोचकं बांधलं जाईल. हा विचार आला की मी थरथरायला लागायचे.

भोंग्याची सवय झाली. त्याची वेळ ठरलेली, तो नोकरदार माणूस. पण कुकर! आमच्या घरी भात गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजायचा, झाकणावर निखारे ठेवले की झालं, त्याला आरडाओरडा करायची गरज नव्हती. मामीचा कुकर कधी शिटी मारेल त्याचा नेम नाही. शिटी झाली की माझ्या हातातलं भांडं खाली. मामीनं त्यावर आपल्या अकलेनं उपाय काढला. शिटीवर ओला फडका टाकायचा. मग कुकर ओरडायचा नाही, नुसता फुसफुसायचा, सर्दी झालेल्या माणसासारखा. शिट्या मोजता येईनात म्हणून वरण कधी कच्चं राहायचं, कधी त्याची लापशी व्हायची. मामाजी दोन्ही मुकाट्यानं खायचे आणि कारण विचारायचे नाहीत. पुस्तकात ह्या लक्षणावर औषध नसावं.

धान लोंबीवर आलं आणि एका रविवारी बाबा आले. पिशवीत घरची लाखोरीची डाळ, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. बाहेरच्या खोलीत खाटेवर बसले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते आणि माझ्या देखत, बैलाची चौकशी करावी तशी त्यांनी चौकशी सुरू केली.

"कशी आहे आता?"

"बरी आहे, भाऊजी," मामाजी म्हणाले. "शिवन शिकून राहिली. हात चांगला आहे म्हनते बाई."

"ते नाही इचारत मी. दचकते का नाही?"

"पहिल्यापेक्षा कमी."

"कमी म्हंजे आहे." बाबांनी खर्रा गालात सरकवला. "हे पाहा साळेसाहेब, तुम्ही केलं, मी नाही म्हनत नाही. पन तिकडचे लोकं थांबून आहेत. दिवाळी झाली का मी मोकळा होतो. आजच नेतो तिले. दुपारची बस आहे."

सैपाकघरात मामीनं हे सगळं ऐकलं. तिनं बाबांच्याच पिशवीतली डाळ कुकरला लावली होती, आणि तिच्या मनात एकच आलं की आज ह्या घरात एक शिटी ऐकू येता कामा नये. तिनं शिटीवर एकाऐवजी दोन ओले फडके गुंडाळले, ते उडू नयेत म्हणून त्यावर खलबत्त्यातला बत्ता ठेवला, आणि निवांत मनानं मागच्या अंगणात कोथिंबीर तोडायला गेली. देवानं म्हणा, नशिबानं म्हणा, आमच्या घरात ह्यातलं काहीच म्हणायची सोय नव्हती, पण ती तिथे गेली म्हणून वाचली.

आवाज असा झाला की शेजारची पाखरंसुद्धा एकदम गप्प झाली. सैपाकघरातून आधी बत्ता गडगडत बाहेर आला, मग वाफ, मग वास. मी जागच्या जागी उभी. ट्रेमधल्या कपबशा किणकिणत होत्या, म्हणजे मी थरथरत होतेच. पण समोर पाहते तर खाट रिकामी. बाबा फाटकाबाहेर, रस्त्याच्या मधोमध, अनवाणी. तिथून ते हळूहळू परत आले, पायरीवर बसले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "गेलो."

मी ट्रे खाली ठेवला. आत जाऊन गॅस बंद केला. छताला पिवळं वरण चिकटलेलं होतं आणि थेंबाथेंबानं ओट्यावर पडत होतं. बाहेर आले तेव्हा बाबांचा रंग राखेसारखा झाला होता. माझ्या ओळखीचा रंग होता तो, आरशात पाहिलेला. मामाजी पेटी घेऊन आले होते आणि हात न धुताच कडी काढू लागले होते.

"मामाजी, हात धुवा," मी म्हणाले.

ते लहान पोरासारखे आत गेले. मी बाबांजवळ पायरीवर बसले. "बाबा, छातीत दुखते का?"

"दुखत नाही. उडून राहिली. हातपाय... माय वो, हातपाय गार पडले."

"कवा मरसान असं वाटते?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी असं विचारलं असतं तर कानाखाली बसली असती. "आत्ता," ते म्हणाले. "आत्ताच, संगे."

"लक्षन जुळलं!" न्हाणीतून मामाजी ओरडले.

खर्ऱ्याचं तोंड, त्यामुळे एका चुळीत भागलं नाही. मी तांब्या धरला, बाबांनी पुन्हा पुन्हा चूळ भरली, तोंडाची लाली जाईपर्यंत. पाठ भिंतीला टेकवली. मामाजींनी झाकण पुढे केलं, गोळ्या जिभेखाली गेल्या, आणि मी बाबांचं मनगट धरलं. मला नाडीबिडी मोजता येत नव्हती. पण धरलं. वीज पडलेल्या दिवसापासून मी बाबांच्या इतक्या जवळ बसले नव्हते, आणि जन्मात पहिल्यांदा बाबा बोलू शकत नव्हते. मामी कोथिंबीर मुठीत घेऊन दारात आली, छताकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "अगा माय, फडका," एवढं पुटपुटली. मामाजींनी तोंडावर बोट ठेवून तिलाही गप्प केलं. औषध विरघळत होतं.

विरघळल्यावर बाबांनी मोकळ्या हातानं अनवाणी पायांची धूळ झटकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुले हे असंच होते?"

"हो."

"असंच? जीव जाते असं?"

"हो."

"शाळेत बी?"

"शाळेत बी."

त्यांनी मनगट सोडवून घेतलं नाही. रस्त्याकडे, आपण मघाशी उभे होतो त्या जागेकडे बघत राहिले. "बाप्पा," म्हणाले. नंतर उठून त्यांनी खाट आत नेली, तिच्यावर उभे राहिले आणि मामीनं दिलेल्या फडक्यानं छत पुसायला घेतलं. मामी खालून म्हणाली, "भाऊजी, तिथं कोपऱ्यात अजून वाटीभर आहे, पाहुन्याले पुरन." तेव्हा ते हसले. आम्ही त्या दिवशी भात आणि झिंग्यांची चटणी खाल्ली. चटणी मामाजींच्या देखत बाबांना वाढली गेली आणि मामाजी एक शब्द बोलले नाहीत.

दुपारी मी बोचकं बांधलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण कुणी नकोही म्हटलं नव्हतं. बाबा निघताना मामाजींना म्हणाले, "साळेसाहेब, ती बाटली थोडी देसान का मले?" मामाजींना आभाळ ठेंगणं झालं. रिकामी बाटली शोधली, धुतली, वाळवली, गोळ्या भरल्या, वर चिठ्ठी चिकटवली. मला मात्र त्यात वेगळंच दिसलं. माझं औषध सोबत घेतलं, म्हणजे मला नेणारच. मी बोचकं काखेत मारून त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले. बाबांनी ते बोचकं पाहिलं.

"हे कायले घेतलं?"

मी बोचकं दुसऱ्या काखेत घेतलं.

"ठेव ते आत. मशीन शिक." आणि बाटली सदऱ्याच्या खिशात घालून ते बसच्या दिशेनं चालू लागले. वळून पाहायची त्यांना सवय नव्हती.

ट्रॅक्टरवाल्यांचं काय झालं हे मला आई आली तेव्हा कळलं. मामीच्या सैपाकघरात बसून ती सांगत होती आणि सांगता सांगता पदर तोंडावर धरून हसत होती. कापणीच्या आधी ते लोक घरी आले. गावातले चार जणही होते. कुणीतरी विचारलंच, पोरीचं लागीर उतरलं का? बाबा उठले, सगळ्यांसमोर अंगणात जाऊन चूळ भरून आले, भिंतीला पाठ टेकवून बसले, खिशातून बाटली काढली, झाकणानं गोळ्या जिभेखाली टाकल्या आणि हात वर करून सगळ्यांना गप्प बसवलं. पाहुणे चहाचे कप हातात धरून बघत राहिले. विरघळायला लागतो तेवढा सगळा वेळ बाबांनी घेतला. मग म्हणाले, "पोरीले काई नाही. ते ठनठनीत आहे, शिवन शिकून राहिली, तिचं लगन आता नाही. भेवाचे झटके मले येतात. दवा माही चालू आहे."